डोळ्याच्या पडद्यावरचा व्रण आणि टेंभरे मॅडम

डॉ. सुलोचना टेंभरे यांची माझी पहिली भेट १९९९ मध्ये झाली. गोंदियातील त्यांच्या नेत्र रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या मुलाखतीला गेलो होतो. त्यांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवली आणि म्हणाल्या, "मेश्राम, दिसतं ते सांगा. दिसायला हवं ते नको." दिसले तेवढेच मी सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

त्याच वर्षी चिचगडचे मडावी काका उजव्या डोळ्याचा पडदा सुटल्याने आले. मॅडमनी शस्त्रक्रिया करून तो नीट बसवला. पण दोन महिन्यांत पडद्यावर व्रण धरला, तो आकसला आणि पडदा पुन्हा ओढला गेला. तो डोळा गेलाच. काकांनी सरळ विचारले, "मॅडम, तुमी तं बराबर बसवला होता. मंग काऊन निंगाला जी?"

"मलाही पुरतं माहीत नाही, काका. शोधते," मॅडम म्हणाल्या.

त्यांची पुढची कितीतरी वर्षे या शोधात गेली. शस्त्रक्रियेत निघणारे व्रणाचे पापुद्रे त्या रुग्णांच्या संमतीने जपू लागल्या. मी ते बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून पेशींतले बदल दिसावेत म्हणून खास रंग देण्यासाठी नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवत असे. पडदा फाटला की त्याच्या मागच्या थरातील पेशी फटीतून बाहेर पडतात, आपले रूप पालटतात आणि त्यांच्यात स्नायूंत असतात तशी आकसणारी प्रथिने तयार होतात, हे अभ्यासकांना ठाऊक होते. आपल्याकडच्या रुग्णांत ती किती लवकर दिसू लागतात, हे मॅडमना पाहायचे होते.

या कामावरचा शोधनिबंध छापायला पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी नोंदवही पुन्हा चाळली. एका ताज्या आणि एका जुन्या व्रणाच्या चिठ्ठ्या माझ्या हातून अदलाबदल झाल्या होत्या. मी बोललो नसतो तर कुणाला कळलेही नसते. नोकरी गेली असे धरूनच मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितले. त्यांनी नोंदवही पुढे ओढून दोन्ही नोंदी पाहिल्या. मग म्हणाल्या, "निबंध थांबवू. सगळ्या काचा पुन्हा वाचू. नागपूरला पत्र मी लिहिते." पत्रात त्यांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. वर्षभर आम्ही पुन्हा काम केले. निष्कर्ष पहिल्याइतका ठसठशीत उरला नाही. मॅडम मात्र समाधानी होत्या. "लहान आहे, पण खरा आहे," त्या म्हणाल्या.

मडावी काकांना त्या दर भेटीत बजावत, "डाव्या डोळ्यात चमक आली तर त्याच दिवशी निघायचं." काही वर्षांनी काका सकाळच्या एसटीने येऊन दारात उभे राहिले. "इज चमकल्यावानी दिसून राहिलं जी." पडद्याला बारीकशी चीर पडली होती. पेशींना बाहेर पडायला वाव मिळण्याआधीच मॅडमनी लेसरने ती चीर बंद केली. त्याच डोळ्याच्या भरवशावर काका आजही मोहफुले स्वतः निवडतात.

मॅडमना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. येत्या माघातल्या यात्रेत कचारगडच्या गुहेपर्यंतची चढण चढायचे त्यांनी ठरवले आहे आणि आम्हा सर्वांना सोबत यायला बजावले आहे. आमची दमछाक होईल, हे नक्की. त्यांचे गुडघे असेच भक्कम राहोत, नजर अशीच स्वच्छ राहो, आणि पुढची अनेक वर्षे त्यांच्या मागून चालण्याचे भाग्य आम्हाला लाभो.