पहिल्या रविवारचे पेले

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे काचेचे पेले ट्रेमधून बाकाबाकांवर फिरत. प्यायल्यावर ज्याने त्याने आपला पेला समोरच्या बाकाच्या पाठीला ठोकलेल्या भोकांच्या फळीत ठेवायचा. उपासना संपली की एक म्हातारी ते गोळा करून मागच्या नळावर धुवायची. पूर्वी ती दवाखान्यात आया होती. सगळे तिला मावशी म्हणत.

मी शाळेत शिकवत होते. नव्वदचं दशक संपता संपता नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि रविवारची दुपार मला खायला उठू लागली. चर्चमध्ये भेटेल तो "काय बाई, बरं हाय न्हवं?" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता चपला शोधायला लागायचा. मला माणसं हवी होती. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी काम सांगितलं तेव्हा हावरटासारखी हो म्हणाले. सतरंज्या घालणारे, झाडणारे, फुलं ठेवणारे स्वतःला हलकं समजतात. हीसुद्धा देवाची सेवाच आहे हे त्यांना पटवून द्या, असं त्यांचं म्हणणं.

शिकवायचं म्हटलं की मला हुरूप येतो. एका शनिवारी आठ-दहा जणांना जमवून मी तासभर बोलले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तिथपासून सुरुवात. मावशी पदराने घाम पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, ह्ये आमाला ठावं हाय की. तुमाला आज कळलं व्हय?"

सगळे हसले. मला राग आला. उलट उत्तर ऐकायची सवय नव्हती.

मग मी माझी मास्तरकी चालवली. सेवा सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून कामं वाटून तक्ता केला आणि दारापाशी लावला. पेले कॉलेजच्या मुलींना. मावशीचे गुडघे दुखतात म्हणून तिला फुलं. मोठे उपकारच केले, असं मला वाटत होतं. तक्ता वाचून दाखवला तर ती नुसतं "बरं" म्हणाली. महिनाभर तिने फुलं ठेवली आणि मग यायची बंद झाली.

तीन रविवार वाट पाहून मी तिच्या खोलीवर गेले. ती ट्रंक भरत होती. इचलकरंजीची भाची कधीची बोलावत होती, आता तिच्याकडे राहायला चालली होती.

"मावशी, तुमच्या गुडघ्यांसाठीच केलं मी."

"गुडघं माझं हायत. तुमाला कुनी सांगितलं?"

तरी तिने चहा टाकला. चहा उकळेपर्यंत सांगत राहिली. आमच्याकडे ज्याची त्याची बसायची जागा ठरलेली, त्यामुळे कुठला पेला कुणाचा हे तिला पाठ होतं. धुताना त्या माणसासाठी ती देवाशी दोन शब्द बोलायची. मनात भांडण असलेला माणूस पीत नाही, पेला भरलेलाच ठेवतो. असा पेला दिसला की त्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून ती त्याच्या घरी जायची.

"तुमचा तर दोन वर्सं भरलेलाच येत हुता," ती म्हणाली.

नवरा गेल्यापासून देवाशी माझा अबोला होता. पेला घ्यायचा, हातात धरायचा, तसाच ठेवायचा. कुणाला कळू नये म्हणून जपायचे आणि कुणाला कळत नाही म्हणून घरी येऊन रडायचे.

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

"आलतो की. दोनदा. मेथी घिऊन. तुमी दारातनंच बोलला, पेपर तपासतोय म्हनून."

आठवलं. मेथीची जुडी घेऊन मी दार लावलं होतं. मी तिचा हात धरला, तक्ता फाडते म्हणाले, राहा म्हणाले.

"इथं काम न्हाय ऱ्हायलं, म्हनून भाचीला शबूद दिला. आता मोडू व्हय?" ती म्हणाली. "तुमी प्या आता. लई झालं."

पुढच्या पहिल्या रविवारी मी प्यायले. रिकामा पेला फळीत ठेवला आणि उपासना संपल्यावरही तशीच बसून राहिले. कुणीतरी बघावं, असं फार वाटत होतं. दोन मुली परीक्षेचं बोलत बाकांमधून आल्या. एकीने माझा पेला उचलून ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाली, "बाई, जरा पाय बाजूला घेता का?"