रात्रीची लेक

ब्रॅकनेलहून गाडी सुटली तेव्हा खिडकीबाहेर नुसतं धुकं होतं. पुण्याहून इंग्लंडला ज्याच्याकडे राहायला आलो होतो त्या भाच्याने तिकीट, डबा, छत्री सगळं माझ्या हातात कोंबलं होतं. वॉटफर्डला रिबेकाताईंकडे जायचं होतं. अलिबागच्या शाळेतल्या माझ्या मित्राची, मोशाची, ही थोरली बहीण. बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) घर. मोशा पंचविशीतच तापाने गेला. गुरुवारी त्याचा स्मरणदिन होता, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंच नाही अशी ताईंची दोन नातवंडं मँचेस्टरहून येणार होती. गोष्टी मी सांगायच्या, ताईंनी त्यांना इंग्रजीत समजावायच्या, असं ठरलं होतं.

"अंधार पडायच्या आत ये हं," ताईंनी फोनवर बजावलं होतं. रस्ता चुकायला मी काय कुक्कुलं बाळ आहे, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

लंडनला उतरून वाटेतल्या एका संग्रहालयात शिरलो. ग्रीक दालनात एका काळ्या कुंभावर रथ हाकणारी बाई होती. ती रात्र. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की आधी केऑस (आ वासलेली पोकळी) होता. मग पृथ्वी आली, आणि तिने नवऱ्यावाचून आकाश, डोंगर, समुद्र प्रसवले. पोकळीतून रात्र झाली आणि रात्रीच्या पोटी दिवस, तिची लेक. जग कुणी घडवलेलं नाही, जग म्हणजेच देवांचं घराणं. मी पडलो उदयतिथी मानणारा. सूर्य उगवल्याशिवाय आमचा दिवस लागत नाही. ही उलटी वंशावळ मला फारच आवडली. बाकावर बसून थालीपीठ काढलं, तर पहारेकरी आला. "सर, नो फूड इन हिअर, प्लीज." डबा मिटला आणि पुन्हा कुंभ बघत बसलो.

बाहेर आलो तर भर चहाच्या वेळी काळोख. डिसेंबर होता.

ताईंनी दार उघडलं. टेबलावर काचेच्या पेल्यात मोशाच्या नावाने लावलेली, आता विझलेली मेणबत्ती, भोवती रिकाम्या खुर्च्या.

"मुलं गेली रे. दोघांना उद्या हॉस्पिटलला अर्ली शिफ्ट आहे. डार्क होईपर्यंत थांबवलं मी."

"पण ताई, गुरुवार अजून संपलाय कुठे?"

"आमचा संपला. काल सांजेला लागला, आज सूर्य मावळल्यावर सुटला. शुक्रवारी सांजेलाच आमचा शनिवार लागायचा, आमच्याकडे दिवा लागला की तू न् मोशा खेळ टाकून यायचात. विसरलास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर काचेआडच्या रात्रीचं कौतुक करत बसलो, आणि जिथे आजही रात्रीपासूनच दिवस धरतात त्या घरी उशिरा पोचलो.

तरी गोष्ट सांगितलीच. भरतीमुळे आम्ही कुलाबा किल्ल्यात अडकलो होतो, मी रडत होतो, आणि ओहोटी लागेपर्यंत किल्ला आपलाच म्हणत मोशाने स्वतःला किल्लेदार नेमून मला मुजरा करायला लावला होता. ताई हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या.

"मला ठाऊक आहे रे हे सगळं. त्यांना नव्हतं."

पुण्याला परतल्यावर मी त्यांच्या नातीला मुद्दाम फोन केला. तिला मराठी जेमतेम कळतं, म्हणून माझ्या मोडक्या इंग्रजीत किल्ल्याची गोष्ट सांगितली. मुजऱ्याला शब्द सापडेना, किल्लेदार कसा समजवावा कळेना. शेवटी मोशा नुसता भरती-ओहोटीची माहिती असलेला एक शहाणा मुलगा होऊन बसला.

"ओह, दॅट्स लव्हली, आजोबा," ती म्हणाली. "ही साउंड्स व्हेरी सेन्सिबल."