चंपाबाईंच्या दोन लाख साड्या

चंचल बोरसे आमच्या साड्यांच्या कंपनीत डेटा वेअरहाउस सांभाळते. तिच्या आईला, सरलाबाईंना, यातला 'वेअरहाउस' एवढाच शब्द कळला. त्या गल्लीत आपल्या अहिराणीत सांगतात, "मन्ही पोर गोडाऊनमा शे." वर डागाळलेली साडी घरी आणायची चंचलला अधूनमधून आठवण करून देतात, "एखादी डाग पडेल साडी तं लई ये." चंचलने एकदा जेवताना सगळं समजावलं. अठरा दुकानांतली आदल्या दिवशीची विक्री एक प्रोग्रॅम उचलतो, धुऊनपुसून एकसारखी करतो आणि एका मोठ्या कोठारात नीट रचून ठेवतो. सरलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग धुताना रंग जास का?"

चंचल म्हणाली, जातो.

खरंच जात होता. "राणी", "रानी" आणि "राणी." असे तीन वेगळे रंग आमच्या कोठारात होते, आणि तिसऱ्याची विक्री वाढतेय म्हणून मी एकदा त्याचं डिझाइनही काढलं होतं. मी गोपाल, डिझाइन खात्यातला. चंचलच्या टेबलाला लागून माझं टेबल आहे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

शेठना नवी सिस्टीम घ्यायची होती. त्याआधी जुनी एकदा पुरती तपासून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चंचलला बोलावलं आणि म्हणाले, "चंचलबेन, जे आहे ते लिहून द्या. कोणाला वाईट वाटेल याचा विचार करू नका."

असं चंचलला सांगायची गरज नव्हती. ही बाई पाणीपुरीवाल्याच्या पुऱ्याही मोजते, आणि एक जास्त आली तरी बोलते.

तिने दुकानांतून शंभर बिलं मागवली आणि एकेक बिल हातात घेऊन त्याचा माग काढला. दुकानात काय लिहिलं, वाटेत काय बदललं, कोठारात काय पोचलं. मधल्या धुण्यापुसण्याचे दोनशे चौदा नियम निघाले. ते कोणी, का लिहिले, याची माहिती एका पानावर होती आणि त्या पानाच्या मागे कोणीतरी जेवणाच्या डब्यांची यादी केली होती. एका नियमावर नुसतं "हात लावू नये" लिहिलं होतं. चंचलने हात लावला. काहीच झालं नाही. तो नियम काहीच करत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. "गोपालभाई, ही चंपाबाई कोण?"

"आपली पहिल्या नंबरची ग्राहक," मी म्हणालो. कंपनीत सगळ्यांना हे नाव पाठ होतं.

"हिने अकरा वर्षांत दोन लाख एकतीस हजार साड्या घेतल्यात."

"व्यापारी असेल."

"रोजच्या सत्तावन्न. काल सव्वाअकराला ही वलसाडच्या दुकानात होती. आणि सव्वाअकरालाच व्याऱ्याच्या."

मी स्क्रीनकडे पाहिलं. बाईंनी चार हजार साड्या परतही केल्या होत्या.

दुपारभर ती तो एकच नियम उलगडत बसली. दुकानात गर्दी असली की सेल्समन ग्राहकाचं नाव लिहीत नाहीत. नावाची जागा रिकामी आली की प्रोग्रॅम अडून बसायचा. म्हणून कोणीतरी नियम लिहिला होता: नाव नसेल तर "चंपाबाई" लिहा, हा फोन नंबर, हा शहरातल्याच गोडादऱ्याचा पत्ता. शेजारी टीप होती, "तात्पुरतं. सोमवारी काढणे." खाली नाव होतं प्रज्ञेशचं. अकरा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे होता, आता पुण्याला असतो.

चंचलने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने नियम वाचून दाखवला.

"तो अजून चालू आहे?" प्रज्ञेश म्हणाला.

"सोमवारी काढणार होतात."

"त्या सोमवारी मला दुसरीकडे नोकरी लागली." तो ओशाळून हसला. "काहीतरी नाव-पत्ता टाकायचा होता. जो तोंडपाठ होता तो टाकला. माझ्या आईचा."

मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे दर दिवाळीला आईकडे भेटी येतात, त्या यामुळे? मला वाटायचं, जुन्या माणसांच्या घरी पाठवत असतील. किती चांगली कंपनी सोडली, असं मी बायकोला सांगत असतो."

भेटी पाठवायचे आमचे काशिनाथभाई, मार्केटिंगचे प्रमुख. कोठारातून दरवर्षी पहिल्या नंबरच्या ग्राहकाचं नाव काढायचं आणि कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ रवाना करायचं. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण ते खात्यातल्या एका मुलीकरवी त्या ग्राहकाला फोन करून "साड्यांत काय बदल हवा?" हेही विचारून घ्यायचे, आणि आलेलं उत्तर, कोणाचं ते न सांगता, आमच्या खात्यात हुकमासारखं यायचं. पदर सहा इंच वाढवा, आम्ही वाढवला. काठ मऊ करा, केला. पोपटी रंग बंद करा. माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं डिझाइन पोपटीत होतं. तीन वर्षं ते कपाटात पडून आहे. त्याचा खून कोणी केला ते मला त्या दुपारी कळलं.

चंचलला आता त्या बाईंनाच भेटायचं होतं. "मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो.

प्रज्ञेशकडून आईला 'कंपनीतून दोघं येतील' एवढाच निरोप देऊन दुसऱ्या दिवशी आम्ही गोडादऱ्याला गेलो. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट होता, आणि रिक्षातून उतरताना चंचलने माझी बाही धरली. "गोपालभाई, मला लाज वाटतेय. त्या बाईंना सांगायचं काय? की आमच्याकडे तुम्ही म्हणजे रिकामी जागा?"

दार चंपाबाईंनीच उघडलं. सत्तरीच्या, काटक, चष्मा नाकावर घसरलेला. "जय भीम. कंपनीतून आल्या का? या, या."

"जय भीम, मावशी," चंचल म्हणाली आणि आत शिरली. भिंतीवर आमच्या कंपनीची चार घड्याळं होती. चारही वेगवेगळी वेळ दाखवत होती.

"बाकीची वाटली," चंपाबाई म्हणाल्या. "शेजारच्या शोभाबाईला एक, दवाखान्यात एक, विहारात दोन, उरलेली नातेवाइकांना. आमच्या गल्लीत आता कोणी टाइम विचारत नाही. पण तुम्ही इतकी घड्याळं का देता हो? आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, कंपनीला वाटतं आपल्याला उशीर होतोय."

चंचलने दोन घोट पाणी पिऊन सगळं सांगितलं. रिकामी जागा, प्रज्ञेश, तो सोमवार. चंपाबाई आधी नीट ऐकत होत्या, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग त्या इतक्या हसल्या की ठसका लागला आणि मला उठून पाणी द्यावं लागलं.

"दोन लाख! अन् मी तुमची एक बी साडी घेतली नाही. मला वाटलं पोरगी साड्यांबद्दल विचारते, तर शोभाबाईच्या साड्या पाहून सांगत होते."

"आणि पोपटी?" मी विचारलं.

"तिच्या एका पोपटी साडीचा रंग गेला. धुतली की पालक उकळल्यासारखं पाणी. ती बी तुमची नव्हती म्हणा."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "अन् ती फोन करणारी पोरगी? दरवर्षी अर्धा तास बोलायची. गुडघ्याचं विचारायची. ती तरी खरी होती ना?"

"खरी होती, मावशी."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

चंचलने अहवालात सगळं लिहिलं. शेठनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "एटले, म्हणजे आपली मोठ्यात मोठी ग्राहक कोण?"

"कोणीच नाही, शेठ. शंभरातल्या बावीस साड्या कोणी घेतल्या तेच आपल्याला माहीत नाही."

काशिनाथभाईंचा चेहरा पडला. "पण पदर वाढवल्यावर विक्री वाढली," ते म्हणाले. चंचलने तेही तपासलं होतं. खरंच वाढली होती. तिने तसं अहवालात लिहिलं, कारण जे आहे ते लिहायचं होतं.

यावर शेठ म्हणाले, "नियम काढा. बाईंना बोलवा."

आता चंपाबाई दर गुरुवारी ऑफिसात येतात आणि नव्या साड्या नेसून, बसून, वाकून बघतात. इतर दिवशी त्यांना जमत नाही. माझं पोपटी मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते बादलीत बुडवायला सांगितलं. रंग टिकला. "चालंल," त्या म्हणाल्या. एवढ्या शब्दावर मी दोन दिवस तरंगत होतो.

चंचलने चंपाबाईंचं नाव कोठारातून पुसलं, तेव्हा काय काय कोसळेल या धास्तीने आम्ही दोघं खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. काही कोसळलं नाही. नाव नसलेल्या नोंदी वेगळ्या खणात पडू लागल्या, आणि नाव लिहिल्याशिवाय बिल करू नये असा आदेश सगळ्या दुकानांना गेला.

पहिल्याच आठवड्यात बारडोलीच्या दुकानातली एकही नोंद बिननावाची आली नाही. काशिनाथभाईंनी टाळ्या वाजवल्या. चंचलने यादी उघडली. बारडोलीत त्रेसष्ट साड्या एकाच माणसाने घेतल्या होत्या, आणि त्याचं नाव होतं "सांगत नाही".

तिने पर्स उचलली आणि बारडोलीची बस पकडायला निघाली.