दोन मुऱ्हाळी आणि एक डांगर

"मुऱ्हाळी हा शब्द पुल्लिंगी आहे," आमचे मास्तर म्हणाले.

दमणी (हलकी बैलगाडी) दारात उभी. उखा गाडीवान बैलांना थोपटतोय, माझं गाठोडं आत पडलेलं, छत्री काखेत, आणि यांना आत्ता व्याकरण सुचलं! शाळामास्तराशी संसार केला की असं होतं. लिहावाचायला यांनीच शिकवलं, त्याचं व्याज अजून फिटत नाही.

"असू दे पुल्लिंगी," मी म्हटलं. "पुल्लिंगी माणूस उरला नाही, म्हणूनच बाई निघाली आहे."

आपण काय बोलून गेलो ते मला बोलल्यावर कळलं.

वाचणाऱ्या बायांनो, देशावर तुमची दिवाळीला जी धांदल, ती आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सासुरवाशीण माहेरी जाते, झाडाला झोके बांधतात, गाणी होतात, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवतात. पण लेकीनं आपण होऊन माहेरी जायचं नसतं हो! बाप नाहीतर भाऊ घ्यायला येतो. तो मुऱ्हाळी. आणि याच सणाला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे तुमचं खरबूज; भोपळा समजू नका. झोका आणि घागर एकाच अंगणात, एकाच दिवशी. आमच्याकडे असंच आहे.

माझ्या भावाचं नाव दगा. मूल जगावं म्हणून आमच्याकडे अशी ओबडधोबड नावं ठेवतात. नाव दगा, पण उभ्या जन्मात त्यानं कुणाला दगा दिला नाही. एकदाच दिला, गेल्या पावसाळ्यात, तापाचं निमित्त होऊन. दर आखाजीला तो म्हसावदला येऊन मला माहेरी कळसाडीला न्यायचा, आणि मला उतरवलं की तापीपलीकडे नंदुरबारच्या वाटेला लेकीच्या सासरी गाडी हाकायचा. मथुरा ही त्याची एकुलती एक लेक, त्याला नाना म्हणायची. मुलगा नाही. आता घरात एकटी वहिनी.

यंदा मथी सासरच्या उंबऱ्यावर बसणार, वाटेकडे बघणार, आणि वाटेवर कुणीच नसणार. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मला कुणी न्यायला आलं नाही तर एकवेळ चालेल, माझे केस पिकले. पण त्या पोरीचं बापाविना पहिलंच वर्ष. म्हणून म्हटलं, मीच होते मुऱ्हाळी.

सातपुडा पाठीशी टाकून आम्ही निघालो. कपाशीची रानं उघडी पडली होती. विहिरींच्या आसपास तेवढा ऊस हिरवा. ऊन असं की छत्रीचा दांडासुद्धा तापला. शहाद्याच्या अलीकडे एका विहिरीवर बैलांना पाणी दाखवलं. तिथे एक बाई घागर भरत होती.

"कथा चालनी वं माय?" (कुठे निघालीस गं?) तिनं विचारलं.

"भाचीले लेवाले. मुऱ्हाळी शे मी." (भाचीला न्यायला. मुऱ्हाळी आहे मी.)

"तू? मुऱ्हाळी?" बाईच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. "माय वं! आते मानसे काय पोया लाटतीन?" (आता बाप्ये काय पोळ्या लाटणार?) आणि असं खदखदून हसली की उखासुद्धा हसला. पण भावाचं सांगितल्यावर तिनं पदरातल्या दोन कैऱ्या काढून माझ्या ओटीत घातल्या आणि म्हणाली, "जाय माय. पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई."

त्या कैऱ्या मीठ लावून खात खात तापीकाठचं प्रकाशा गाव गाठलं. मुक्काम धर्मशाळेत.

सकाळी तापी ओलांडायची होती. उन्हाळ्यात तापी अंग चोरून एका कडेनं वाहते, बाकी सगळी वाळू. त्या वाळूत भोई लोक डांगराच्या वाड्या लावतात. वेल पसरलेले, मधे पिवळीधमक डांगरं, आणि वास तर काय सांगू! इथं मी एक गोष्ट सांगते, जी आजवर मास्तरांनासुद्धा सांगितलेली नाही. दगाभाऊ मला न्यायचा तेव्हा कळसाडीची वाट सोडून गाडी मुद्दाम नदीत घालायचा. एका ठरावीक वाडीवर थांबून एक डांगर फोडायचा, त्याच्या मधली सगळ्यात गोड फोड मला द्यायचा आणि म्हणायचा, "खाय गुपचूप. घर कोनले सांगू नको. मथीले ते मुयीच सांगू नको." (मथीला तर मुळीच सांगू नको.) मथी लहान होती, रुसली असती. लग्न होऊन ती सासरी गेली तरी माझी फोड चालूच राहिली. मीही बोलले नाही. भावाचं एवढं एक गुपित आपलं एकटीचं असावं, असं बाईला वाटणारच.

नेमकी त्या वाडीसमोर गाडी वाळूत रुतली. उखा चाकाशी झटत होता आणि मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूचा पिंपळ बघत बसले. भोईबाबा वाडीतून हात करत होता. मी न दिसल्यासारखं केलं. त्या डांगराकडे बघायची माझी छाती नव्हती.

पलीकडे चढल्यावर नंदुरबारकडून सर्व्हिस मोटार आली. आली ती अशी भरधाव, की बैल बुजले, गाडी तिरकी झाली आणि शेरभर धूळ माझ्या नाकातोंडात गेली. मी उभी राहून छत्री उगारली आणि ओरडले, "मेल्या, तुझ्या चाकात साळिंदराचे काटे जावोत!" मोटार गेली. काटे काही गेले नाहीत.

दुपारी मथीच्या सासरी पोचले. विहीणबाई दारातच होत्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवो ईनबाई! मथुरा ते सकायमाच गई ना!"

"गई? कथा?"

"तुमलेच लेवाले! म्हने, नाना नहीत, मन्ही फुईले आखाजीले कोन लेवाले जाई? ती वाट देखत बसी. दीरले संगे लिधं आनि मोटारमा बसनी."

(फुई म्हणजे आत्या.) आधी हसू आलं. मग आठवलं, ती मोटार! मी भाचीलाच शिव्या घातल्या होत्या. आणखी हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. मी जे तिच्यासाठी डोळ्यांपुढे आणलं, तेच तिनं माझ्यासाठी आणलं होतं. भाऊ, तुझी लेक शोभते रे!

विहीणबाईंनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि घोटलेली उडदाची डाळ वाढली, मिरचीचा ठेचा वाढला. जेवता जेवता विचार केला. मथी म्हसावदला पोचली की मास्तर तिला सांगणार, तुझी आत्या तुला आणायला गेली. ती परत फिरणार. मी इकडून धावले, ती तिकडून धावली, तर मोटेच्या बैलांसारख्या आम्ही येत-जातच राहू, आणि आखाजी परवावर आली. तिकडे वहिनी घागर समोर ठेवून एकटी बसायची. ते मात्र होता कामा नये. नदी दोघींनाही चुकत नाही, नदीतच बसावं. विहीणबाईंना मी एवढंच सांगितलं. नदीत कुठे बसणार ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"तुमी दगाभाऊनी बहीन ना?" भोईबाबानं विचारलं. "आवंदा भाऊ दिखना नही."

"गया ना बाबा भाऊ. पावसायामा."

त्यानं हातातला विळा खाली ठेवला. मग उठला, वाकून वाकून वास घेत फिरला, एक डांगर तोडून माझ्यापुढे ठेवलं आणि कापायला विळा उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एक माणूस यायचं आहे."

दुपार कलता कलता प्रकाशाच्या काठावर मोटार थांबली. माणसं उतरून उताराच्या वाटेनं पाण्याकडे निघाली. त्यांतलं एक लाल लुगडं वाट सोडून बाजूला झालं आणि वाळू तुडवत सरळ वाडीकडे यायला लागलं. मागे दीर हाका मारतोय, हिचं लक्ष नाही. मी बघतच राहिले. हिला ही वाट कुणी दाखवली?

मथीनं मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

"फुई! तू आठे?" (तू इथे?)

"मी तुले लेवाले उनू." (मी तुला न्यायला आले.)

"व्वा! मीच तुले लेवाले उनू! तुन्हा घर जाईसन उनू!" मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "फुई, काल ती छत्री उगारीसन शिव्या दी ऱ्हायंती, ती बाई..."

"ते राहू दे," मी घाईनं म्हटलं. "तुला ही वाडी कशी ठाऊक?"

मथीनं जीभ चावली. खाली बघत म्हणाली, "नानानी सांगेल व्हतं, फुईले सांगू नको."

"मले सांगेल व्हतं, मथीले सांगू नको!"

भोईबाबा पोट धरून वाळूत बसला. "दर साल दोन फेरा! एक फेरा बहीनना, एक फेरा पोरना! आनि मले सांगेल व्हतं, बाबा, तू काईच बोलू नको!"

डांगर फोडलं. मधल्या फोडीवर दोघींचा हक्क; शेवटी अर्धी अर्धी केली. पाण्यात पाय सोडून आम्ही खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला, डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि नाकातलं कुठलं याचा पत्ता नव्हता. दीर बिचारा लांब उभा राहून दोन वेड्या बायका बघत होता. त्यालाही एक फोड दिली. घागरीसाठी मग भोईबाबानं दुसरं डांगर निवडून दिलं.

कळसाडीत शिरलो तेव्हा वहिनी दारात तांब्या घेऊन उभी. रीत अशी की आधी मुऱ्हाळ्याच्या पायांवर पाणी.

"मुऱ्हाळी कोन शे?" तिनं विचारलं.

मी मथीकडे बोट केलं, मथीनं माझ्याकडे. वहिनीनं दोघींच्या पायांवर तांब्या उपडा केला. मग तिनं माझ्या हातातलं डांगर घेतलं, नाकाशी नेलं आणि थबकली.

"प्रकाशानी वाडीनं ना हाई?"

"तुले कसं माहीत?" आम्ही दोघी एकदमच.

वहिनीनं पदर तोंडावर घेतला. "तुमी दोन्ही आंगनमा झोकावर ऱ्हायेत, तवय उपरणामा लपाडीसन एक डांगर मन्हाकरता आनेत. म्हनेत, ननदले सांगू नको, पोरले सांगू नको." (तुम्ही झोक्यावर असायच्या, तेव्हा उपरण्यात लपवून माझ्यासाठी आणायचे.)

आणि पदरामागून वहिनी हसली. गेल्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच, आणि एकदा हसायला लागली ती थांबेचना.

आखाजीला तिघींनी मिळून घागर भरली, वर डांगर ठेवलं, नमस्कार केला. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. निंबाला झोका बांधला होता. मथीनं मला बळंच बसवलं आणि असा झोका दिला की या वयात मी किंचाळले. गाणीही म्हटली, माझा आवाज फुटका असला तरी.

परतीच्या वाटेवर मी उखाला गाडी नदीकडे घ्यायला लावली. एकटीच होते. तिघींनाही वाटत होतं की आपण एकटीच दगाभाऊची लाडकी. लबाड होता माझा भाऊ. तिघींचंही बरोबरच होतं. भोईबाबानं न सांगता एक डांगर गाडीत ठेवलं.

घरी आले तर मास्तर वाटच बघत होते. म्हणाले, "मथी येऊन गेली त्या दिवसापासून विचार करतोय. शब्द उभयलिंगी मानायला हरकत नाही." मग मी कापून दिलेली मधली फोड त्यांनी तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"कुठलं गं हे? इतकं गोड?"

"खा गुपचूप," मी म्हटलं. "आणि मथीला, वहिनीला सांगू नका."