दोन फटक्यांचा दंड

नगरच्या त्या गोल्फ क्लबात गवत म्हणून नव्हतं. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथं हिरवळ कोण पोसणार? म्हणून भोकाभोवती वाळू पसरायची, तिच्यात इंजिनाचं जळकं तेल कालवायचं आणि त्याला ऐटीत ‘ब्राउन’ म्हणायचं. साहेबानं चेंडू ढकलायच्या आधी सूर्यभाननं चेंडूपासून भोकापर्यंतची वाट फळी ओढून सारखी करायची. कर्जतकडची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून आलेला हा माणूस बारा वर्षं साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहत तेच करत होता.

सोमवारी क्लब बंद असे. तेव्हा साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी कामगार खेळत. सूर्यभाननं तिथं सगळ्यांना पाणी पाजलं. सेक्रेटरी काकासाहेबांना त्यात क्लबाचं नाव दिसलं आणि बाहत्तरच्या जानेवारीत त्यांनी त्याला पुण्याच्या स्पर्धेला नेलं. पहिल्या तिघांत आला, तर तो धंदेवाईक खेळाडू ठरणार होता. मग पिशव्या वाहणं बंद, लोकांना खेळ शिकवायचा. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, तांब्यात निखारे घालून त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली.

पुण्यात भोकाभोवती खरी हिरवळ होती. सूर्यभानच्या जोडीला फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू मार्सेल होता. तोही पोरवयात दुसऱ्यांच्या पिशव्याच वाहायचा, असं कुणी सांगितल्यावर सूर्यभानला बळ आलं. शेवटच्या भोकापाशी तो तिसरा होता. चेंडू चार हातांवर. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बारा वर्षांच्या सवयीनं भोकापर्यंत गवतावरून ओढला.

मार्सेलनं हात वर केला. हिरवळीवर वाट सारखी करायची नसते. दोन फटके दंड. सूर्यभान पाचवा आला.

मार्सेललाच वाईट वाटलं. त्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

सूर्यभाननं काकासाहेबांकडे बोट दाखवलं.

काकासाहेब हसले. "अडाणी आहे हो. एवढं साधं ठाऊक नाही."

"तुमाला ठावं हुतं?"

"मी पुण्यातच खेळायला शिकलो. मला ठाऊक नसेल?"

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तू विचारलं नाहीस."

विचारलं नाहीस! ज्यानं तसलं गवत जन्मात पाहिलं नाही, त्यानं गवताचे कायदे विचारायचे म्हणे. सूर्यभानच्या अंगाचा तिळपापड झाला. मार्सेलवर त्याचा राग नव्हता. तो खरं तेच बोलला होता. राग होता तो ठाऊक असून गप्प बसणाऱ्यावर.

नगरला परतल्यावर सूर्यभाननं पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा अर्ज पुढं केला; त्यावर सेक्रेटरीची सही हवी होती. "दंड झालेल्या माणसाला क्लब कसा पाठवणार?" काकासाहेब म्हणाले. "जा, फळी घे. पाहुणे खोळंबलेत."

सूर्यभाननं फळी आणली आणि पाहुण्यांदेखत काकासाहेबांच्या पायांशी टाकली. "आता तुमची वाळू तुमीच वढा."

दुष्काळाचं साल. दुसरं काम कुठलं मिळायला? दोघं नवराबायको सरकारी कामावर खडी फोडायला गेली. नाव लिहून घेताना मुकादमानं विचारलं, "आधी काय करत हुता?"

लंकाबाईच पुढं झाली. "गोल्फचे खेळाडू हायेत त्ये. तसं ल्हिवा."

मुकादम हसला. "तसला रकाना न्हाई बाई हितं."

"मंग आखा," लंकाबाई म्हणाली, आणि रांगेतून हलली नाही.