सोलरच्या प्लेटांवर मोहाची फुलं

माझी नणंद पारू गेली, त्याला महिना झाला. मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा भाचा मुरबाडच्या इस्पितळातून आला. म्हणाला, "मामी, आई गेली." मी तवा उतरवला आणि निघाले. रडले नाही. रडणारी माणसं पारूला चालत नसत.

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात ती मदतनीस होती. डोंगराकडचं गाव, वीज चार-चार दिवस नसायची. म्हणून लसीच्या फ्रीजसाठी दवाखान्यामागे लोखंडी मांडवावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. गाव हसलं. "उन्हावर गारवा करनार म्हनं!" पारू म्हणाली, "हसा. पन मंगळवारी लशीला पोरं घेऊन या." रोज सकाळी ती स्टुलावर चढून प्लेटा पुसायची, मग फ्रीजचा काटा बघायची.

एका उन्हाळ्यात ती दोन दिवस म्हसा गावी लग्नाला गेली. मोह गळत होता. अंगणात वाळत घातली तर शेळ्या फुलं ठेवत नाहीत. प्लेटा उंच आणि तापलेल्या... मी लुगडं अंथरलं आणि फुलं पसरली. प्लेटा झाकल्या तर फ्रीज बंद पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी पारू आली, तेव्हा काटा लाल रेघेच्या वर गेलेला. पाड्यांवरून आलेल्या अकरा बाया पोरं घेऊन ओटीवर बसलेल्या. डॉक्टर आले. पारूची नोकरी कायम नव्हती. मी तोंड उघडलं नाही. ते तिनं उघडलं. "फुलं माझ्या वहिनीची. लक्ष ठेवायचं काम माझं."

लस सगळी फेकली. एक बाई उठली. "एवढा डोंगर उतरले. आता परत नाय येनार." डॉक्टर पारूला म्हणाले, "पुढच्या मंगळवारी ही सगळी मुलं आली नाहीत, तर मला वर कळवावं लागेल."

बाया गेल्यावर पारूनं माझा दंड धरला. "चल. तू सांगायचं. मी उभी रायते."

तीन दिवस ती मला पाड्यापाड्यांतून फिरवत होती. दारोदार मी तेच सांगितलं, माझ्यामुळं लस नासली, पुन्हा या. एका म्हाताऱ्यानं डोळे मिचकावले. "फुलं कशाला गो? दारूला?"

"भाजीला," मी म्हटलं.

"खरं सांग," पारू मागून म्हणाली.

"दारूला," मी म्हटलं. अख्खा पाडा हसला. पारू हसली नाही.

पुढच्या मंगळवारी दहा बाया आल्या. अकरावी नाही. दुपार झाली. नर्सबाई लसीचा डबा बंद करू लागल्या. पारू दारातून हलेना... तेवढ्यात बांधावरून अकरावी आली, काखेत पोर, घामाघूम. "ती दारूवाली कुठं हाय? माझी सासू बोलली, तिला बघून तरी ये."

पारूनं माझ्याकडं बोट केलं. "ती बघ. बघून झालं? आता पोर दे."

नोकरी राहिली. मला तिनं माफ केलं की नाही, ते ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. इस्पितळात शेवटची भेटले तेव्हा मी तिला रेडिओवरची बातमी सांगितली, की देशात आता उन्हावर पुष्कळ वीज करणार आहेत. ती म्हणाली, "करू दे. पुसनार कोन?"

दहाव्याला भाच्यानं दवाखान्याची चावी माझ्या हातात ठेवली. नवी बाई येईपर्यंत चावी वहिनीकडं राहू द्या, असं पारू डॉक्टरांना सांगून गेली होती. भाचा म्हणाला, "आई बोलली, वहिनीकडंच दे. काय करू नये ते तिला ठाऊक हाय."

नवी बाई अजून आलेली नाही. मी सकाळी जाते, प्लेटा पुसते, काटा बघते, कुलूप लावते. अर्ध्या वाटेवरून परत फिरते आणि काटा पुन्हा बघते.