पाटाची हळद

माझी आई पाटाची. पहिला नवरा मेल्यावर माझ्या बापानं तिच्याशी पाट लावला, तोही अंधार पडल्यावर, चोरासारखा. वाजंत्री नाही, हळद नाही. सवाष्णींनी तर तिचं तोंडही पाहायचं नव्हतं. विधवेनं पुन्हा घर मांडायची ही रीत आमच्या शेतकरी घरांत पार खापरपणज्यापासूनची.

शेलूबाजारच्या माझ्या वर्गमित्रानं पाटावर पिक्चर काढला आणि विधवेचं काम आईला दिलं. पिक्चरमध्ये मात्र त्यानं भरदिवसा अंगणात हळद लावली, वाजंत्री लावली. आई खरोखरची रडली. कॅमेरा बंद झाला तरी रडत होती. म्हणाली, "आता माहं लगन साऱ्यायले पाहू दे."

मग एका पक्षाची संस्कृतीवाली मंडळी आली. गळ्यात उपरणी, तोंडात खर्रा. यांना सिनेमा सुधारायचा होता. मुंबईत कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून आमच्यावर हात साफ. मंगरूळपीरला खेळ लावू, अनुदान मिळवून देऊ, पण विधवेचं लग्न आपल्या संस्कृतीत बसत नाही, म्हणे. अरे लेकहो, तुमच्याच कोण्या आजीचा पाट लागला असंल! पण मित्र नुसता 'हो जी, हो जी' करत राहिला.

त्यानं हळद काढून टाकली, आईचं रडणं तेवढं ठेवलं. त्याला मेलेल्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो जोडला. झाली पतिव्रता तयार! आम्हाला एका शब्दानंही सांगितलं नाही हरामखोरानं.

खेळाला आई, बाप अन् मी, आम्ही तिघं पहिल्या रांगेत. आई नवी साडी नेसून आलेली. हळद आता येईल, मग येईल, म्हणत बसली आणि पिक्चर संपला. पक्षाच्या नेत्यानं तिला स्टेजवर बोलावून शाल पांघरली. माइकवर म्हणाला, "पिक्चरमधल्या या माउलीनं नवऱ्यामागं परपुरुषाचं तोंड पाहिलं नाही. हीच आपली बाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आई वरून आमच्याकडे पाहत होती.

घरी आल्यावर तिनं बापाला विचारलं, "तुमी टाया काहून वाजोल्या?"

बाप गांगरला. "सारेच वाजून राह्यले होते. अन् एवढ्या मोठ्या मानसानं तुले शाल देल्ली."

"मले नाही देल्ली," आई म्हणाली. "तुमच्या संगं पाट न लावलेल्या बाईले देल्ली."